बस

पहाटे साडेतीनला
बेलीच्या पोटाखालून आंघोळीचा टॉवेल ओवते,
दोन्ही टोकं मुठीत घट्ट धरते
आणि म्हणते, ऊठ.
उचलते मीच. शब्द आपला सोबतीला.

पुढचे पाय अजून त्याचे आहेत.
मागचे कुणा दुसऱ्याचे असावेत
तसे येतात मागून, उशिरा, नखं घासत.
लिफ्टपर्यंत एकवीस फरशा,
चकचकीत. कदाचित मीच पास केलेल्या.

कारखान्यात माझं काम तेच :
पट्ट्यावरून फरशी आली की टिचकी मारायची.
खणखणीत वाजली तर पुढे,
बद्द वाजली तर बाजूला.
बारा वर्षं तडे ओळखते मी
दिसायच्या आधी.
आणि घरात याचा पाय पहिल्यांदा सरकला
तेव्हा हसले होते.
म्हटलं, म्हातारोबा, जरा बघून.

आता घरभर खोक्यांचे पुठ्ठे अंथरलेत.
त्यांच्यावरचे बाण सांगतात, वरची बाजू ही,
आणि दाखवतात न्हाणीघराकडे.

तो मूळचा माझा नव्हे.
पलीकडच्या व्हिलातले ग्रॅहॅम गेले परत,
त्यांचा सोफा विकला गेला, सायकली विकल्या गेल्या,
हा राहिला.
दोन महिने ठेवशील का, म्हणाल्या बाई.
त्याला झाली सात वर्षं.
इंग्रजीत वाढलेला. पण कुत्र्याशी
परक्या भाषेत मला बोलवेना,
मग तोच शिकला : ये. थांब. नको.
बस तर पहिल्याच दिवशी,
अर्ध्या बिस्किटात.

जूनमध्ये रास अल खैमाचं डांबर
रात्रीसुद्धा निवत नाही.
आधी मी तळहात टेकवून बघते,
अंगात कसकस आहे का बघावी तसा.
खाडीवरून ओला, मासळीचा वारा.
नगरपालिकेचा मिंटू झाडू थांबवतो,
रोजचंच विचारतो, आज कितने पाँव?
साडेतीन, मी सांगते.
कुणी ऐकलं तर वाटेल, वेळ सांगते आहे.

चिपळूणहून कुणी येणार असलं
की आई निर्गुडीचं तेल पाठवते.
तिला वाटतं गुडघे माझे दुखतात.
रात्री चोळतेस ना नीट?
चोळते गं.
खोटं नाही बोलत.
उशीला, चादरीला, माझ्या डब्याच्या पिशवीलाही
आता तोच वास आहे.

मंगळवारी दवाखान्यात
डॉक्टर इल्हाम सुईवर वाकल्या होत्या,
मदतनीस मुलगा नळीत रक्त ओढत होता.
बस, त्या म्हणाल्या त्याला,
अरबीत. म्हणजे पुरे.

आणि टेबलावर
बेली बसायला लागला.
मागचे पाय थरथरत, इंचाइंचाने दुमडत,
गार पत्र्यावर नखं निसटत,
कान मागे, नजर माझ्याकडे :
बरोबर ना?

हा काय करतोय, डॉक्टरांनी विचारलं.
मला सांगता येईना.
आमच्यातही म्हणतात की बस्स, पुरे झालं.
पण त्या शब्दाची ती बाजू
मी त्याला शिकवलीच नव्हती.

बिस्किट नव्हतं जवळ.
पर्समध्ये खोकल्याची गोळी, चाव्या, सुटे दिरहम.
मग नुसता हात दिला. चाटला त्याने
तेलासकट.

वेळ तुम्हालाच कळेल, डॉक्टर म्हणाल्या निघताना.
कळेलही. कानांची सवयच आहे तशी.
म्हणूनच बरगड्यांवरून हात फिरवताना
बोटं सरळ ठेवते मी,
चुकूनही टिचकी बसू नये.

आज खांबापर्यंतही गेलो नाही.
मधेच थांबला, मान खाली, जीभ बाहेर.
मी टॉवेल हळूहळू सैल सोडला.
मिंटू झाडूवर हनुवटी टेकून
उगाच दुसरीकडे बघत राहिला.
मशिदीचा भोंगा खरखरला, अजान अजून व्हायची होती.

बस, म्हटलं, बस रे राजा.
तुला हवं तितका वेळ.

सव्वापाचला कारखान्याची बस येईल.