पान एकशे बारा

बक्षीस जाहीर झालं तेव्हा आम्ही दोन प्रती घेतल्या.
एक मेघश्याम प्रधानांकडेच राहिली,
दंड भरतात, परत करत नाहीत.
दुसरी चेंबूरभर फिरते.

कादंबरीत एक शहर आहे, पुढच्या शतकातलं,
जिथं खिडकी उघडायला परवाना लागतो.

पान एकशे बारा. समासात शिसपेन्सिल:
‘अतिशयोक्ति.’
खाली निळ्या शाईत, कागद ओरखडत:
‘आपण राहता कुठे?’
तिसऱ्या कोणीतरी, कुठल्याच बाजूचं न होता,
फक्त वेलांटी दीर्घ केलीय.

वाचनालयाचा नियम: समास कोरे हवेत.
खोडरबर माझ्याकडे असतो.

काल वैजयंती तांडेल आली, संक्रमण शिबिरातून.
अकरा वर्षं तात्पुरती.
पुस्तक टेबलावर सरकवून म्हणाली,
‘लिहिलंय झकास. पण लोक घाबरतात
ते नेमकं कुठल्या पानावर?
आमची खिडकी समोरच्या भिंतीला टेकते.
परवाना मागायचा कशाला?’
मग प्रवासवर्णनांचं कपाट विचारलं,
बर्फ असलेलं काहीतरी हवं होतं.

संध्याकाळी मी खोडायला बसले.
पेन्सिल निघाली, वेलांटीसकट.
शाई निघेना.

आता पुस्तक नेणारा प्रत्येकजण
काउंटरवर परत येऊन विचारतो,
हे कोणाला विचारलंय?