रूम नंबर सातसाठी

पावतीच्या पाठीमागं लिहितोय, लागतंय का बघा.
पेन काउंटरला दोरीनं बांधलेलं,
म्हणून ओळी डावीकडं ओढल्या जातात.

पहाटे साडेपाचला गंगावेशीत जा. उठवायला मी आहेच.
म्हशी तिथं रस्त्यातच उभ्या असतात,
समोर धार काढतात, फेसासकट ग्लास हातात देतात.
खुर्ची मागू नका. उभ्यानं प्यायचं, मिशी पुसायची.
तुम्हाला मिशी नाही. तरी पुसायची.

मिसळ दहाच्या आत.
पाव म्हणाल तर ब्रेडचे स्लाइस येतील, रुसू नका.
कट संपला की वाटी नुसती पुढं सरकवा,
बोलायला लागत नाही.

तांबडा-पांढरा कुठला चांगला?
खरं सांगू का,
मी इराप्पा, गडहिंग्लजकडचा, गळ्यात लिंग.
एकोणीस वर्षं या काउंटरवर आहे
आणि रश्श्याचा थेंब जिभेला लागलेला नाही.
पण माझं सांगणं चुकत नाही.
जेवून आलेला माणूस किल्ली मागतो तेव्हाच कळतं:
नुसतंच तिखट गिळून आलेला आधी पाणी मागतो,
फसलेला बिल वाचत जिना चढतो,
आणि नीट जेवलेला
आपला रूम नंबर विसरतो.
लक्ष्मीपुरीतल्या एका बोळातनं आलेले
बहुतेक विसरतात.
बोर्ड नाही. दारात एक बाई भांडी घासत असते,
तिच्याकडं बघून नुसतं ‘आहे?’ म्हणायचं.
पांढरा आधी प्या.

गुजरीत साज बघून घ्या, बघायला पैसे पडत नाहीत.
पानं एकवीस भरतात का मोजा.
दुकानदाराला मोजणारं गिऱ्हाईक आवडतं,
तो चहा मागवतो.

आणि चपलेचं.
काल तुम्ही वर्तमानपत्राचा कागद इथं पसरलात,
वडलांचा पाय, पेन्सिलीनं गिरवलेला,
टाच नेमकी राशिभविष्यावर.
रागावून परत आला होतात.
चप्पल लाइनीतल्या शेवटच्या दुकानात
दौलू सातपुत्यानं कागद उजेडाला धरला
आणि म्हणाला, ‘ह्यो सांजचा पाय हाय. पानी धरलंय.
सकाळचा पाय आना, मग बघू.’
गल्ल्यावर दुपारपर्यंत भवानी नव्हती त्याच्या,
तरी दिली नाही.

मग तुम्ही तिसऱ्या पायरीवर बसून
फोन लावलात. मी हिशेबात डोकं घातलं होतं,
पण लॉज लहान आहे, ऐकू येतं.
‘बाबा, कधीपासनं सुजतात? मला का नाही सांगितलंत?’
त्यानंतर बराच वेळ तुम्ही नुसतं हूं हूं करत होतात.

उठल्यावर विचारलंत, ‘तुम्ही कुठं जेवता?’

एवढ्या वर्षांत लोकांनी मला विचारलं
गरम पाणी कधी, दारू कुठं, देवळात गर्दी किती,
शेजारच्या रूमचं भांडण कधी थांबेल.
हे पहिल्यांदाच.
डब्याचं झाकण मी निम्मं लावलं होतं.
ज्वारीची भाकरी, शेंगाची चटणी, फोडलेला कांदा.
तुम्ही काउंटरला टेकून खाल्लंत,
चतकोर भाकरी डब्यात मुद्दाम ठेवलीत.
हे ठिकाण यादीत घालत नाही.

रूम दहाला सोडायची असते. अकरा झाले तरी चालतील,
मालक साताऱ्याला गेलाय.
दोनशे डिपॉझिट पावतीला टाचलंय.
सकाळचा पाय गिरवून झाला की पोस्टानं पाठवा,
पत्ता पलीकडच्या बाजूला छापलाय,
त्यात पिनकोडचा शेवटचा आकडा चुकलाय, दोन करा.
मी दौलूकडं नेऊन देईन.
नवी चप्पल पहिले आठ दिवस चावते,
आतनं तेल लावायला सांगा.

गूळ लिहायचा राहिलाच.
पिवळाधमक नको. काळपट बघून घ्या,
आणि घ्यायच्या आधी खडा तोंडात टाका,
कुणी काही म्हणत