खवला

वोयतेख म्हणायला आमच्या गावाची जीभ वळेना.
महिन्याभरात तो वैतागसाहेब झाला,
खरं तर त्याच्याइतका शांत माणूस पंचक्रोशीत नव्हता.
नांगराच्या कारखान्यात ओतकामाची भट्टी लावायला आलेला,
बायको, मुलगी, शिवणाचं मशीन
आणि मागे न उरलेला देश घेऊन.
एकोणचाळीस साल. नकाशा आम्ही नंतर पाहिला.

भिलवडी स्टेशनवर उतरले तेव्हा आई पाणी घेऊन गेली.
तांब्या ओठांना न लावता वरून प्यायचा,
हे त्यांना ठाऊक नव्हतं. तिघंही भिजले.
आधी हसली ती त्याची बायको.

ब्लाझेनाबाई वाटीवाटीनं खसखस वाटायची,
गूळ घालून पोळीत भरायची.
आई म्हणाली, एवढ्यात आख्खी आळी झोपेल.
झोपलं कुणीच नाही. आम्ही दारात उभे, अजून एक मागत.

मुलगी ल्युद्मिला, आमची लुदी, माझ्या वर्गात.
तिला ळ यायचा नाही.
चिंचेखाली बसवून मी म्हणवून घ्यायचो
केळ, गूळ, वेळ, गाळ.
ती म्हणायची केल, गूल, वेल,
आणि गालाशी आली की स्वतःच गाल फुगवायची.
तिच्या भाषेत एक र होता, झ मध्ये अर्धा बुडालेला.
तो मला अजून जमलेला नाही.

डिसेंबरात साहेबानं भोयाकडून जिवंत मासा घेतला,
कृष्णेतला, हातभर,
आणि न्हाणीतल्या दगडी डोणीत सोडला.
आमच्याकडे सणाला असाच आणतात, म्हणाला,
तीन दिवस घरात ठेवतात, मग...
ते मग त्यानं हातानं दाखवलं.
तीन दिवस त्या घरात कुणी अंघोळ केली नाही.
लुदी डोणीच्या काठावर बसून पोळीचे तुकडे टाकायची.
तिनं त्याचं नाव ठेवलं बाळू.
ळ स्वच्छ. पहिल्यांदाच.

सणाच्या संध्याकाळी साहेब सुरी घेऊन डोणीशी बसला.
बराच वेळ बसला.
मग बादली मागितली.
अंधारात आम्ही चौघं घाट उतरलो,
बाळू गेला. मागे वळून बघितलं नाही,
माशाला मान नसते.
रात्री आमच्या घरून भाकरी आणि भरीत गेलं.
ब्लाझेनाबाई जेवताना रडली, माशासाठी नव्हे.

बादलीच्या तळाला एक खवला चिकटला होता.
साहेबानं तो पुसून पाकिटात ठेवला,
वर्षभर पैसा टिकतो म्हणे.
लढाई संपली, त्याचा देश परत आला, पुन्हा गेला,
आणि ते नेब्रास्कात, कुणा चुलत्याच्या शेतावर निघाले.
स्टेशनवर त्यानं पाकीट उघडलं
आणि खवला माझ्या तळहातावर ठेवला.
पैसा माझ्याकडे कधी टिकला नाही. खवला आहे.

दोन वर्षांनी लुदीचं पत्र, आपल्या अक्षरात:
इथं मका शाळूएवढा उंच, पण हुरडा कुणाला माहीत नाही.
नदी आहे, तिला घाट नाही.
कुठली, म्हणून विचारतात. मी दोन गावं सांगते,
दोन्ही त्यांना म्हणता येत नाहीत.
खाली, समासात, बाळूची चौकशी.

मी लिहिलं, मध्ये दोन पूर येऊन गेले.
भेटला तर सांगतो.