दोन खुंट

सकाळी पावणेसातला मी बस काढते,
पिवळी, शाळेची, बावन्न सीटांची.
दुपारी साडेचारला तीच मी
सेस्नाच्या पंखाखाली वाकून
पेट्रोलमध्ये पाणी उतरलंय का बघते.
नेब्रास्का. धावपट्टी एकच.
कॉफीचं यंत्र मार्चपासून बंद.

डेल्बर्ट ह्रुस्का उजवीकडे बसतो.
तीस वर्षं मक्यावर औषध फवारलं त्याने,
एक कान त्यात गेला.
म्हणतो, "मार्लिस, जमिनीवर दोन खुंट निवड."
मी निवडले:
बर्गस्ट्रॉमांचं पत्र्याचं कोठार
आणि कुणाच्यातरी अंगणातलं ट्रॅम्पोलिन,
काळं, निळ्या कडेचं,
आठशे फुटांवरून शर्टाच्या बटणाएवढं.

आता पंखाचं टोक त्या बटणावर टेकवायचं
आणि तिथून हलू द्यायचं नाही.
एवढंच.
वारा मागून आला की जमीन पळते, मग वर.
तोंडावर आला की रेंगाळते, मग खाली.
बटण नाकाकडे सरकलं, दांडा पुढे;
शेपटीकडे सरकलं, मागे.
"पायाने ओढून आणू नकोस," डेल्बर्ट म्हणतो,
"लबाडी बुडाला आधी कळते."
खरंच कळते.
एका खुंटाला वळसा, मग दुसऱ्याला उलटा,
खळ्यातल्या बैलासारखी मी गोल गोल,
फक्त दावं नाही,
नजर आहे.

मग इंजिन मंद करून उतरण्याचा सराव.
शांतता नसते ती.
वारा ऐकू येतो, आणि डेल्बर्टचं दात चोखणं.
रेषेच्या पुढे दोनशे फूट चालतील,
अलीकडे बोटभरही नाही.
अकरा वर्षं मी बसचं दार
टपालपेटीच्या बरोब्बर समोर उघडतेय, बर्फातसुद्धा,
हे त्याला सांगितलं नाही.
तीनदा अलीकडे पडले.

अकरावा थांबा, कोल्बी, तिसरीतला.
पायरी चढता चढता म्हणाला,
"काल तुम्ही फार खाली होतात."
आरशात पाहिलं मी. "ट्रॅम्पोलिन तुमचं?"
"हो. विमान आलं की मी मधोमध झोपतो.
हलत नाही. मुद्दाम."
आणि मागे जाऊन बसला,
डबा उघडून आत्ताच अर्धं सँडविच संपवलं.

त्या संध्याकाळी माझे आठ सगळ्यांत वाईट झाले.
बटणावर टोक ठेवणं सोपं,
पोरावर ठेवताना मनगट आखडतं.
"झालं काय तुला?" डेल्बर्ट ओरडला, बऱ्या कानाच्या बाजूने.
वारा, म्हणाले.

वारा खराखुरा आला तो गुरुवारी रात्री.
शेडचे पत्रे उडाले, दोन विजेचे खांब आडवे,
ट्रॅम्पोलिन पाऊण मैलावर
सोयाबीनच्या कुंपणात अडकलेलं, चेपलेलं,
शुक्रवारी बसमधून सगळ्यांनी पाहिलं.
कोल्बी खिडकीकडे पाठ करून बसला.

शनिवारी परीक्षा. बसमध्ये कुणाला बोलले नव्हते.
लिंकनहून आलेल्या ऑस्टरमायरबाई,
मांडीवर पॅड, पेन्सिल कानामागे.
"खुंट निवडा," म्हणाल्या.
कोठार होतं. मी सवयीने
दुसरीकडेही मान वळवली,
आता तिथे काय असणार?

हिरवळीत पिवळा पडलेला एक गोल,
जिथे वर्षानुवर्षं ऊन पोचलं नव्हतं.
गोलाच्या मधोमध लाल जाकीट,
हातपाय पसरून,
उताणं.

"तो पिवळा गोल," मी म्हणाले.
बाईंनी लिहून घेतलं.
पंखाचं टोक अलगद
त्याच्या पोटावर टेकवलं.
वारा मागून होता.
वर गेले.