पाचवा डबा

देवगडला बोट खोल पाण्यातच थांबायची,
सामान उतरवायला पडाव जायचा.
त्या शनिवारी सिनेमाचे चार डबे उतरले,
पाचवा तसाच पुढे पणजीला गेला.

मुकादमांच्या वखारीत,
खोबरेल आणि सुक्या बांगड्यांच्या वासात
पडदा म्हणून शीड ताणलेलं.
त्याचं ठिगळ नेमकं नायकाच्या हनुवटीवर यायचं,
म्हणून आम्हा पोरींना तो काही देखणा वाटला नाही.

इंग्रजी कळणारे एकटे कस्टमचे कारकून मुणगेकर.
खुर्चीवर उभे राहून सांगायचे:
"तो म्हणतो, तुझं तोंड बघणार नाही.
म्हणजे बघणार."
नायिका रुसून जिना चढायची,
पुन्हा उतरायची.

आणि ती दुसरी.
ऑफिसातली मैत्रीण, अंबाड्यात पेन्सिल खोचलेली,
फोन खांद्यात धरून पाव खाणारी.
ती बोलली की मुणगेकर आधी स्वतःच हसत
आणि सांगायचं राहून जाई.
तरी आम्ही हसायचो. तिची डावी भुवई
मालवणीत बोलायची.

चौथ्या डब्याच्या शेवटी
ती आपला एकुलता कोट नायिकेच्या खांद्यावर टाकते.
"जा म्हणते, तो स्टेशनवर आहे."
मग दारातच उभी. बर्फ पडतंय.
खाडीवरून वारा आला, शीड फुगलं,
बर्फासकट ती एक पाऊल आमच्याकडे आली
आणि शिंकली.

मग नुसतं पांढरं शीड.

कोणी उठेना. अंधारात यशोदी कोयंडे म्हणाली,
"त्या बायेक कोणीतरी पांघराक दिया रे."

गावाने तोच शेवट धरला.
लग्नात सगळ्यांना वाढून
शेवटी खरवड खाणारीला
आमच्या वाडीत अजून 'कोटवाली' म्हणतात.
मलाही म्हणाले दोन-तीनदा.

परवा नातवाने लॅपटॉपवर अख्खा लावला.
साठ वर्षांनी पाचवा डबा:
स्टेशन, वाफ, व्हायोलिनं, मिठी.
मिठीत कोट खांद्यावरून घसरतो,
फलाटावर पडतो. कोणी उचलत नाही.
आणि ती पुन्हा दिसतच नाही.
हनुवटी चांगली होती म्हणा त्याची.

"आवडला ना, आजी?"
मागे ने रे जरा.
अजून मागे.
दारापाशी.
हां. इथे थांबव.