जुईचा जबाब

उदगीरला, देगलूर रस्त्यावरच्या घरी
जुई ग्रिल ओलांडून टाकीपर्यंत गेली
त्याच आठवड्यात ढेकळ्या ओकला. दोनदा.
पिवळ्या फेसात तीन पाकळ्या.

रुक्सानाआपा भिंतीवरून म्हणाल्या,
काढून टाक गं ती वेल,
मुकं लेकरू, ते काय सांगायलंय?

कोयता घेऊन खाली उभी राहिले.
सहा वर्षांची वेल, अंगठ्याएवढं खोड.
हात उचलला, तर वर कळ्या उमलायल्या.
त्यांची वेळ झाली होती.

मग एक फांदी भाकरीच्या डब्यात घातली,
ढेकळ्याला स्कूटीवर पायांशी धरलं,
आणि जनावरांचा दवाखाना.

हंडरगुळे डॉक्टरांनी पान चुरगाळलं, हुंगलं.
ही जुई. जुई कुत्र्याला मारत नाही, म्हणाले.
सुई शोधता शोधता, माझ्याकडं न बघता:
मावा पडला होता का हिच्यावर?
काय मारलं?

रविवारी.
भावाच्या तुरीवरचं उरलेलं, अर्धं झाकण,
बादलीत ढवळून.
आपण त्याला औषधच म्हणतो.
बाटलीवरचं नाव सांगताना
जीभ टाळूला चिकटली.

रात्रभर सलाइन.
तिसऱ्या दिवशी वाटीभर ताक प्याला,
चौथ्या दिवशी पोस्टमनवर भुंकला.

वेल आहे अजून. पानं नळीखाली धुते, एकेक.
संध्याकाळी ढेकळ्या खाली पडलेली फुलं
बिनधास्त हुंगतो, शिंकतो, त्यांच्यावरच लोळतो.

माझा हात मात्र
चाटायच्या आधी
जरा वेळ वास घेतो.