आठ ग्रॅम कमी

एम्रिसच्या टेपला दोन कडा आहेत.
वर इंच, खाली सेंटिमीटर.
चाळीस वर्षं सुतारकी करून तो अजून म्हणतो,
"चार-बाय-दोनचं लाकूड द्या, दोन मीटर चाळीस."
वखारवाला हसत नाही.
त्याचा बापही असंच मागायचा.

मी लँपिटरला कापडाच्या दुकानात होते.
सरकारी पत्र आलं तेव्हा
काउंटरवरची गजाची पितळी पट्टी उखडावी लागली,
चार खिळ्यांची भोकं तेवढी राहिली.
बायका त्या भोकांवर बोट ठेवून
तीन गज मागायच्या,
मी पावणेतीन मीटर कापायचे
आणि वर बोटभर सोडून द्यायचे.
मापात पाप नको.

घरी तर काही विचारूच नका.
दूध पाइंटात, पेट्रोल लिटरात.
थंडी पडली की उणे दोन,
ऊन पडलं की म्हातारा ओरडतो, "ऐंशी झालं, ऐंशी!"
वजन मी स्टोनमध्येच सांगते,
त्यात आकडा सगळ्यात लहान येतो.

फेब्रुवारीत नेरिस अडली.
सातवा नुकता लागला होता.
स्वान्सीच्या इस्पितळात, काचेच्या पेटीत
नळ्यांच्या गुंत्यात काहीतरी लालसर हलत होतं.
नर्स म्हणाली, "नऊशे चाळीस."
एरवी कुठलाही आकडा ऐकला
की एम्रिसचे ओठ हलायला लागतात,
तो मनातल्या मनात आपल्या मापात आणून घेतो.
त्या दिवशी हलले नाहीत.
नर्सला वाटलं, समजलं नसेल.
"साखरेची पिशवी असते ना किलोची,
तिच्याहून थोडी कमी."

रात्री अंथरुणात तो नव्हता.
स्वयंपाकघरात दिवा न लावता
माझा जुना तराजू काढून बसला होता,
पितळी वजनांचा, औंसांचा.
पिशवीतली साखर एका कपात काढत होता.
दोन औंस, आणि वर एक चमचा.
मग पिशवीचं तोंड दुमडलं,
ती कोपराच्या खोबणीत ठेवली,
दुसऱ्या हाताने खालून आधार दिला
आणि तसाच उभा राहिला, सिंकपाशी.
मी दारातूनच परत फिरले.
त्या कपातल्या साखरेचा चहा
आमच्याकडे कुणीही केला नाही.

तोळामासा जीव. कधी वीस ग्रॅम चढायचे,
कधी रात्रीत तीस उतरायचे.
वर्कशॉपच्या दारावर त्याने पेन्सिलीने आकडे मांडले,
नुसते ग्रॅम, एकाखाली एक.
शेजारच्या हिवेलने विचारलं, "पौंडांत किती रे?"
तर म्हणाला, "पौंड फार मोठे आहेत."

मे महिन्यात एलेरीला घरी सोडलं.
शेवटचं वजन, दोन हजार दोनशे साठ.
आणि इतक्या दिवसांनी त्याचे ओठ हलले.
"पाच पौंड!" सगळ्या वॉर्डाला ऐकू जाईल असा.
नर्स तरुण होती, काटेकोर होती,
फोनवर हिशेब करून म्हणाली,
"पाचला आठ ग्रॅम कमी पडतात."
"ते माझ्याकडून," एम्रिस म्हणाला
आणि पाळण्यातली टोपी उचलून तिच्या डोक्यावर चढवली.
टोपी नाकापर्यंत आली.

घरी पंचेचाळीस मैल.
गाडीच्या काट्याखाली दोन वर्तुळं,
बाहेरचं मैलांचं, आतलं बारीक अक्षरात किलोमीटरचं.
आजवर त्या आतल्याकडे त्याने ढुंकून पाहिलं नव्हतं.
रस्त्यावरच्या पाटीवर चाळीस होतं.
एम्रिस आतलं चाळीस पाळत होता.
मागे टेकडीपर्यंत गाड्यांची रांग लागली होती.